जोडबेटाचा राजा

रामाकोन्याच्या भगवंतरावांना संशय घेतल्याशिवाय जेवण पचत नसे. कोणी दोनदा रामराम केला, की झालं! याला काय हवं असेल, म्हणून दिवसभर डोकं शिणवायचे. त्यात छप्पन साली राज्यं बदलली. रामाकोन्यासकट सौंसर मध्य प्रदेशात राहिलं, काटोल मुंबई राज्यात गेलं, आणि एकुलत्या एक प्रेमलताचं लग्न नेमकं काटोलच्याच विनायकाशी ठरलेलं.

"पोरीमागं माह्या संत्र्याचा बगीचाही तिकडं ओढून नेतीन हे लोक," ते बायकोला म्हणायचे. शकुबाई बिचारी कपाळावर हात मारायची.

राज्यं बदलली त्याच आठवड्यात दिवाळी आली. गावात दंडारीचं नाटक उभं राहिलं, खेळ चिंधू शिंप्यानं बसवलेला. होणारे व्याहीही मुद्दाम काटोलहून पाहायला आले होते. खेळ होता समुद्रातल्या एका बेटाचा. आता रामाकोन्यात समुद्र कोणी पाहिला होता, बाप्पा! दोन गडी निळं लुगडं हलवत बसले, झाला समुद्र. बेटावर दोन राज्यं. एका राजाला मुलगी, दुसऱ्याला मुलगा. लग्न लागलं, दोन्ही राज्यं मिळून जोडबेट झालं. मिशा काढून राजकन्या झालेला कवडू म्हाताऱ्या बापाचा मुकुट उतरवायला गेला, तोच भगवंतराव ताडकन उठले.

"बंद करा! काटोलवाल्यांनीच शिकवलं ना हे? माह्या बगीच्यावर डोळा ठेवून राहिले!"

ढोलकी थांबली. विनायकाच्या वडलांनी टोपी नीट केली, हात जोडले आणि माणसं घेऊन ते बैलबंडीत बसले. सोयरीक तिथंच मोडली.

भगवंतरावांनी चिंधूची गचांडी धरली. "सांग, कोणाचं काम हाय हे?"

"तुमच्या प्रेमलताचं! पुढचं पाहाचं तं होतं, भाऊ. जुना मुकुट काढून ती दोन्ही राज्यांचा मोठा मुकुट बापालेच घालते. जावई सासऱ्याकडं राहाले येते. विनायकरावानंही तसंच कबूल केलं होतं."

भगवंतराव घरी आले. प्रेमलता चुलीपुढं रडत होती. त्यांना भडभडून आलं.

"पोरी, मले सरळ काहून नाही सांगतलं वो?"

"सांगतलं असतं, तं खरं मानलं असतं तुम्ही, बाबा?"

भगवंतराव तिच्याजवळ चुलीपुढं टेकले. फार वाईट वाटत होतं त्यांना, अगदी मनापासून. पण राहवलंच नाही.

"पण मी म्हणतो, तो पोरगा इकडं याले तयार काहून झाला असन?"

प्रेमलता उठली आणि आत निघून गेली.