तपासणीवाली मावशी

तपासणीला आलेले साहेब आधी रजिस्टर मागतात. मावशी आधी ताट मागायच्या. कळमेश्वर रोडवरच्या आमच्या निवासी प्रशिक्षण केंद्रात दर तीन महिन्यांनी त्या सरकारकडून तपासणीला यायच्या. पद निरीक्षकाचं, पण गरीब घरांतून वायरमनचं काम शिकायला आलेल्या आमच्या पोरी त्यांना मावशी म्हणायच्या. पोरींना ताप आला की उशाशी बसणारी वॉर्डन मी, आणि मी मात्र 'मॅडम'.

पहिल्या तपासणीला मी मुद्दाम पनीर करायला लावलं. मावशी पोरींच्या पंगतीत बसल्या, एक घास खाल्ला आणि शेजारच्या पोरीला विचारलं, "काय वं, काल काय शिजलं होतं?" पोरीनं पातळ वरण म्हणून खरं सांगून टाकलं. मावशींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तेच मला जास्त झोंबलं.

जेवण झालं की त्या मला ऑफिसात बसवून पोरींसोबत भांडी घासायला जायच्या. मोरीवरचं हसणं खिडकीतून ऐकू यायचं. मी कागद चाळायचं सोंग करायची आणि जळायची. माझ्यासमोर एकही पोरगी तशी हसली नव्हती.

कन्हानची सोनू माझी लाडकी, हुशार आणि अबोल. दिवाळीनंतर ती घरी जायचं म्हणू लागली. मी चार दिवस विचारलं, ती गप्प. मावशींना मात्र तिनं भांडी घासता घासता सांगितलं. वर्कशॉपमधल्या फाटक्या हातमोज्यांमुळे तिला शॉक बसला होता, आणि आता वायरला हात लावायचीच तिला भीती वाटत होती. अहवालात आलं, 'वॉर्डनला माहिती नव्हती.' आठवड्यात नवे हातमोजे आले, सोनू राहिली. मला आनंद व्हायला हवा होता.

पुढच्या खेपेला मी विचारलंच, "पोरी तुम्हालेच काहून सांगतात?"

त्या ताट विसळत म्हणाल्या, "मी संध्याकाळच्या बसनं चालली जाते, म्हणून सांगतात. तुमच्यासंग त्याइले राहा लागते, बाई."

मला ते पटलं, आणि पटलं म्हणून आणखी राग आला.

मग मावशींची बदली झाली. उन्हाळ्यात नवे साहेब आले. त्यांनी माझ्यासमोरच पोरींना रांगेत उभं करून विचारलं, "काही तक्रार?" बाथरूमला चार दिवसांपासून पाणी नव्हतं. सोनूनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काही नाही सर. मॅडम आमची खूप काळजी घेतात."

साहेबांनी 'समाधानकारक' लिहिलं. इतके दिवस मला सोनूच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. ती मायेनं खोटं बोलली की मला भिऊन, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. मावशींना तिनं न विचारता सांगितलं असतं.