पाणी निवळलं तेव्हा

आर्वीकडच्या एका संत्र्याच्या गावात तानबा नळाचं पाणी सोडायचा आणि गावाच्या शिव्या खायचा. पाणी आलं तर देवाची कृपा, नाही आलं तर "तानबा मेला का?" असा न्याय!

२००५च्या उन्हाळ्यात गावच्या तलावावर हिरवी साय धरली. नळाच्या पाण्याला घाण वास येऊ लागला. त्यात तानबाच्या धाकट्या बहिणीच्या, कोकिळाच्या पोरीचं, आचलचं लग्न तोंडावर आलेलं.

"दादा, वऱ्हाड्यायले हे शेवाळ पाजू काय?" कोकिळानं भर रस्त्यात विचारलं.

तानबाला ते झोंबलं. गाव संत्र्यावाल्यांचं. बुंध्याला बुरशी लागली की मोरचूद-चुना लावायचा, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. शेवाळ म्हणजे बुरशीचंच भाऊबंद, असं त्यानं धरलं आणि डोंग्यात बसून तलावभर मोरचूद फेकला. बागेत फवारल्यावर काही दिवस फळ तोडत नाहीत, तसे त्यानं नळही बंद ठेवले. लोकांनी मळ्यातल्या विहिरींचं पाणी वाहिलं आणि त्याच्या नावानं बोटं मोडली. पण काय सांगावं! लग्नापर्यंत पाणी असं निवळलं, की तळाचे गोटे दिसावेत. सरपंच वासुदेवरावांनी मांडवातच त्याला शाल-नारळ द्यायचं ठरवलं. तानबा छाती काढून फिरला. फिरू द्या की, बापड्याला जन्मात पहिल्यांदा कुणी चांगलं म्हटलं होतं.

लग्नाच्या सकाळी टाकी भरून तो नळांचा वॉल उघडणार, तोच रीता आली. वर्ध्याच्या कॉलेजात शिकणारी ही पोरगी जिल्ह्यातल्या तलावांचं हिरवं पाणी तपासायला न्यायची. इथलंही मागे नेलं होतं.

"भाऊ, तुमचं अन् केळझरकडचं शेवाळ दिसायले एकच. पण वाण वेगळं. केळझरच्यात विष करायचा गुणच नाई, तुमच्या शेवाळात आहे."

"मंग आता शेवाळ हाये कुठं? मारलं न मी, मोरचूद टाकून!"

रीताचा चेहरा उतरला. "मारलं म्हणजे ते फुटलं, भाऊ. पोटातलं विष पाण्यात उतरलं. उकळूनही जात नाई. लिव्हरले धोका आहे. हे पाणी सोडू नका."

मांडवात आचारी खोळंबलेले. तानबा गप्प बसला असता तर शाल खांद्यावर होती, आणि मोह झालाच हो, माणूसच तो! वॉलवर हात ठेवून कितीतरी वेळ बसला. मग डोळ्यांपुढे आचल आली, हळदीच्या अंगानं न्हायला थांबलेली. तो उठला, टाकी नालीत रिकामी केली आणि मांडवात जाऊन हात जोडून सगळं सांगितलं.

"येडा झाला काय बे? हिरवं होतं तवा पाजलं, नितळ झालं तं विष म्हणते!" गाव खवळलं.

पुन्हा विहिरींवरून पाणी आणता आणता मुहूर्त टळला. वरपक्षानं तोंडं वाकडी केली. "सख्ख्या मामानं पोरीच्या लग्नात पाणी तोडलं," म्हणत कोकिळा सगळ्यांसमोर रडली.

ते पाणी कुणाच्या पोटात गेलंच नाही; कुणालाच काही झालं नाही. साधं पोटही दुखलं नाही, आणि म्हणूनच तानबा खोटा ठरला. काम गेलं. बहिणीनं त्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवणं सोडलं. त्या दिवाळीत भाऊबीजेला त्याचं कपाळ टिळ्याविना राहिलं.

रीताला कळलं तेव्हा ती तणतणत आली. "चाला भाऊ, मी गावाले समजावून सांगते. तुम्ही खरे होते."

तानबा कसंनुसं हसला. "मी खरा ठरलो असतो पोरी, पन त्यासाठी मांडवातलं कोनीतरी जायले पाह्यजे होतं. राहू दे. मी खोटाच बरा."