दोन तास दहा मिनिटं

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला मी भाजी करपली तरी सांगते. तुम्हाला सांगतेय, पण मधे थांबवू नका. परत धीर व्हायचा नाही.

दिल्लीहून पुण्याला विमान किती वेळात येतं? दोन तास दहा मिनिटं. हवेतलं अंतर बाराशे किलोमीटरच्या आसपास. पुण्याहून मेढ्याजवळच्या आमच्या गावाला गाडीनं साडेतीन तास, खंबाटकी घाटात अडकलं तर चार. नोकरीसाठी दिल्लीत आले तेव्हापासून हे मला पाठ आहे. वळसा घालत सांगतेय ना? कळतंय मला.

माझे वडील, आबा, फौजेत हवालदार होते. प्रत्येक प्रवास ते लिहून ठेवायचे — काळ्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणावर, आतल्या बाजूनं, पांढऱ्या रंगानं. कधी निघाले, कधी पोचले. आम्ही भावंडं त्यावरून त्यांना चिडवायचो.

ते गेले त्या दिवशी सकाळी सातला धाकट्या भावाचा, सुरेशचा, फोन आला. "आक्का, आबा गेलं गं. तू कवा पोचशील? मानसं थांबत्यात." दिवस मावळायच्या आत माती, म्हणजे अंत्यविधी, होते आमच्याकडे, पण लांबच्या लेकीसाठी गाव थांबतं. मी फोन कानाला लावूनच विमानं बघितली. अकराचं होतं, जागाही होत्या. पाचच्या आत घरी पोचले असते.

आणि मी म्हणाले, "सरळ इमान न्हाई रं. हैदराबादला बदलायचं, रात हुईल. थांबू नगा."

का? आठवड्यापूर्वी आबांनी विचारलं होतं, एकदा येऊन जातीस का. मी म्हणाले, रजा नाही. रजा होती — मी मैत्रिणींबरोबर मसुरीला गेले होते. आता त्या चेहऱ्यासमोर कसं उभं राहायचं? भ्याले मी. याहून मोठं कारण खूप शोधलं. नाही सापडलं.

दुसऱ्या दिवशी पोचले. रक्षाविसर्जन झाल्यावर आबांचे कपडे काढायला मी पेटी उघडली. झाकणावर सगळं होतं. 'पठाणकोट ते घर. आई गेल्याची तार. दोन दिवस, दोन रात्री. गाठ नाही.' आणि सगळ्यात खाली, मी मे महिन्यात आले होते तेव्हाची ओळ — 'सुमन. दिल्ली ११. पुणे १.१०. घर ४.४०.'

सुरेश मागेच उभा होता. मातीच्या वेळी आबांच्या छातीवर त्यांची पदकं ठेवली होती, हे मी आल्या आल्याच ऐकलं होतं, आणि ती या पेटीतच असायची. म्हणजे त्यानं त्या सकाळीच झाकण उघडलं होतं. वाचलं होतं. तरी परत फोन केला नाही, एका शब्दानं विचारलं नाही.

तेवढ्यात चुलती दारात आली. "पोर लय लांबनं आली, तरी बापाची गाठ न्हाई."

"व्हय काकी," सुरेश म्हणाला, "तिचं इमान फिरून येतं." आणि त्यानं झाकण लावलं.

चार वर्षं झाली. श्राद्धाच्या आदल्या दिवशी मी अकराच्या विमानानं जाते, पाचच्या आत घरी असते. पंगतीत कुणी विषय काढलाच तर सुरेश अजून हैदराबाद सांगतो. मी एकदा खोटं बोलले. तो दर वर्षी बोलतो, माझ्या देखत — आणि मी खाली बघून वाढत राहते.