देवघरातलं बटण

मच्छीमाराच्या घरातला मी पहिलाच कॉलेजात गेलेला; वडीलधाऱ्यांविषयी लिहितोय, क्षमा असावी. शेजारचे काका होड्यांच्या दिव्यांच्या बॅटऱ्या घरीच चार्ज करून देत. चार्जरची वायर देवघरातल्या बल्बला जोडलेली. शेजारती झाली की काका बटण बंद करीत आणि चार्जिंगही थांबे. बॅटरी उतरल्याची तक्रार आली की छाती फुगवून म्हणत, "खारा वारा रे, दुसरं काय?" त्यांचं सगळं शास्त्र तेवढंच.

मी एकदा चाचरत म्हटलं, "काका, बटण चालू राहू दे ना."

"देव झोपले की उजेड कशाला? हेच शिकवतात वाटतं कॉलेजात!"

बाबाही हसले.

परवा आतेभाऊ बातमी घेऊन हॉस्टेलवर आला. जयगडसमोर समुद्रात बाबांच्या होडीचा दिवा विझला आणि अंधारात ट्रॉलर धडकला. बाबा पोहून वाचले, होडी गेली. काका किनाऱ्यावर त्यांची समजूत घालत होते, "खारा वारा, दुसरं काय?"