लेकराचे पाय

“कारड काय पाह्यता, गुरुजी? लेकराचे पाय पाहा.”

हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला राग आला होता. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला फाटकावरच्या बाईने शिकवावे, हे मला रुचले नाही. आजही राग आहे. तो निराळा आहे, आणि त्यातला मोठा वाटा माझा स्वतःवरचा आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर, कपाशीच्या शेतांना लागून, ती शाळा आहे. नावात ‘इंटरनॅशनल’ आहे. निवृत्तीनंतर मी तिथे प्रशासक होतो. ती फाटकावर मदतनीस होती. त्याआधी बरीच वर्षे अंगणवाडीत. शाळा सुटली की मुले घरच्यांच्या हाती सोपवायची, एवढेच तिचे काम. मुले तिला मावशी म्हणत.

संस्थेने तिला खुर्ची दिली होती. ती मात्र बुटक्या स्टुलावर बसे. मी एकदा कारण विचारले. म्हणाली, “उंच बसलं का नुसती डोस्की दिसतात. पाय नाही दिसत.”

तुम्हीही कधी शाळेच्या फाटकाशी उभे राहून पाहा. आपले माणूस दिसले की लेकराचे पाय आधी निघतात, दप्तर मागून ओढले जाते. माणूस परके असेल तर पाय थबकतात. आणि माणसाची भीती असेल तर एक बूट दुसऱ्या बुटावर चढतो. हे मी कुठल्या प्रशिक्षणात शिकलो नाही. ते तिने दाखवले.

पायही कधीकधी फसवतात, हे तिला ठाऊक होते. एकदा पहिलीतला एक मुलगा कुणा अनोळखी माणसाकडे धावत सुटला. पहारेकरी फाटक उघडणार, तोच तिने मुलाचे दप्तर धरले. “थांब रे बाबू. हे पाय गोळ्याच्या गाडीकडे चालले, मानसाकडे नाही.” त्या माणसामागे खरोखरच गोळेवाला उभा होता. दुसऱ्या एका दिवशी उमरखेडहून कुणाचे आजोबा एसटीने आले. मूल न्यायला लागणारे पालकाचे कार्ड त्यांच्याजवळ नव्हते. नातू धावत जाऊन त्यांच्या धोतराला लोंबकळला. तिने पहारेकऱ्याला मुलाच्या आईला फोन लावायला लावला आणि मग नातवाला सोडले. कार्डाविना मूल सोडले म्हणून मी तिला लेखी समज दिली. ती तिने घडी घालून पदराला बांधली.

कार्डाचे यंत्र नवीन होते. पालकाने कार्ड टेकवले की हिरवा दिवा लागे, फाटक उघडे. उद्घाटनाला फीत कापली गेली, वर्तमानपत्रात छायाचित्र आले. कार्ड कोणाच्या हातात आहे, हे यंत्राला कळत नसे. आम्हालाही त्याची चिंता नव्हती.

एका दुपारी दुसरीतल्या एका मुलीला न्यायला तिच्या वडिलांचा भागीदार आला. कार्ड खरे होते, वडिलांनीच दिलेले. हिरवा दिवा लागला. मुलगी पुढे आली नाही. तिचा एक बूट दुसऱ्या बुटावर चढला होता.

मावशीने तिला आपल्या स्टुलावर बसवले आणि त्या माणसाला सांगितले, आई येईल तेव्हाच पोरगी जाईल. तो ओरडला, तिची जात काढली, संस्थाचालकांना फोन केला. ती फाटकात उभी राहिली. अखेर आई आली आणि मुलीला घेऊन गेली. जाताना आईही मावशीवर चिडलेली होती. चारचौघांत शोभा झाली होती.

चौकशी मीच केली. अहवाल तीन पानांचा. त्यात त्या माणसाचा जबाब होता, पहारेकऱ्याचा होता, कॅमेऱ्यातल्या चित्रणाचे वर्णन होते. संस्थाचालक म्हणाले, नियम तो नियम. प्रतिष्ठित माणसाचा अपमान झाला आहे. मावशीला बोलावून निर्णय ऐकवला. तिने स्वतःसाठी काहीही मागितले नाही. एवढेच विचारले:

“पोरीले कोनी इचारलं का, गुरुजी?”

कोणीही विचारले नव्हते. तिला कामावरून कमी करण्याच्या पत्रावर मी सही केली. माझी सही सुरेख आहे; तिचे सर्वांनी नेहमी कौतुक केले आहे.

दिवाळीच्या सुटीनंतर तो माणूस पुन्हा आला. हिरवा दिवा लागला. स्टुलाच्या जागी झाडाची कुंडी होती. मुलगी त्याच्याबरोबर गेली.

त्या दुपारी काय घडले ते मी लिहिणार नाही. ते सांगण्याचा अधिकार त्या मुलीचा आहे, आणि तिने ते आईला सांगितले. पोलिसांनी त्याला नेले. खटला चालू आहे. आई शाळेत आली ती दाखला न्यायला. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पहारेकऱ्याला विचारले, “ती स्टुलावरची बाई कुठे राहते?”

संस्थेने काय केले? आणखी कॅमेरे लावले. ‘आमची मुले, आमची जबाबदारी’ असा फलक फाटकावर चढवला. मी राजीनामा दिला. त्यात शौर्य काही नाही. ते सही करण्याआधी दाखवायचे असते.

मावशी मारेगावकडे लेकीच्या घरी गेल्याचे कळले. मी गेलो. ती अंगणात बसून तूर निवडत होती, तशाच बुटक्या पाटावर. काय बोलायचे ते मी एसटीत मनाशी जुळवले होते. शब्द निवडून ठेवले होते. ते तिथे निरुपयोगी ठरले.

तिनेच विचारले, “पोरगी शाळेत जाते का आता?”

जाते, म्हणालो. दुसऱ्या शाळेत.

“आनाले कोन जाते?”

आई.

तिने मान हलवली आणि सुपातली तूर पुन्हा पाखडली. मग तिचे हात थांबले. ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती. तिची नजर खाली, माझ्या पायांवर होती. ते अंगणाच्या कडेला थबकले होते.