हिरूबायचा पहिला घास

त्या दिवशी सकाळी खाडीवर धुकं होतं. भरती चढत होती, पण पाणी दिसत नव्हतं, नुसता आवाज यायचा. वारा पडलेला. बंदरावर एकाच चुलीचा धूर होता आणि तोही वर जाईना, धुक्यातच लोळत होता. चूल हिरूबायची. ती पुढे पेटत राहायची की कायमची विझायची, ते त्या दिवशी ठरायचं होतं.

खरं तर तेवढंच सांगायला बसलो होतो. पण खानावळीचे किस्से टोपलीतल्या चिंबोऱ्यांसारखे असतात. एक उचलावी तर तिची नांगी धरून दुसरी वर येते, दुसरीला धरून तिसरी. मी शाळेची पायरी चढलो नाही. मी बोलतो, जावई लिहून घेतो. तो म्हणतो, "मामा, पहिल्यापासून सांगा." तर पहिल्यापासून.

*

मी आणि माझा शेजारी धर्मा, दोघं एकाच मचव्यावर. ठाण्याच्या मिठागरांवरून मीठ भरायचं आणि खाडीने कल्याण बंदराला न्यायचं. भरती लागेपर्यंत ठाण्याच्या बंदरावर थांबावं लागे. बामणांना, वाण्यांना गावात जेवायची सोय होती. आम्हां खलाश्यांना, कोळ्यांना, हमालांना एकच जागा. चिंचेखालची हिरूबायची कौलारू झोपडी. तांदळाची भाकर आणि खाडीतल्या निवट्यांचं कालवण. निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारं बोटभर म्हावरं. दिसायला ओंगळ, पण कालवण असं की माणूस बोलायचा थांबे.

हिरूबायची एक रीत होती. कालवण उतरलं की सगळ्यांसमोर आपल्या तळहातावर थोडं घ्यायची, भाकरीचा तुकडा बुडवून खायची, आणि म्हणायची, "मी खाल्लं. आता तुम्ही खा."

ही रीत तिच्या सासूची. एकदा कोणा परगावच्या उतारूच्या पोटात कळ आली आणि त्याने बंदरभर बोंब केली की कोळणीने विषारी म्हावरं घातलं. माणूस दुसऱ्या दिवशी चांगला हिंडत होता, पण बोंब काही परत येत नाही. तेव्हापासून रांधणारीने आधी खायचं.

*

धर्माचं हिरूबायशी कधी पटलं नाही. पहिला घास तोंडात गेला की तो म्हणणार, "मीठ कमी हाय."

रोज! वर्षानुवर्षं!

"अख्ख्या कल्याणला मीठ आम्ही पोचवायचं, आणि आमच्याच कालवणात मीठ नाय!"

एकदा तिने मिठाचं मडकंच त्याच्यापुढे आपटलं. "घ्या धर्मादादा. तुमच्या जिभेला पुरेल तेवढं घाला."

धर्माने मूठभर घातलं. आम्ही सगळे बघतोय. पहिल्या घासाला त्याचे डोळे लाल झाले. पण गडी हटला नाही. ताट पुसून खाल्लं आणि म्हणाला, "आता कसं, बरं लागतं!"

कल्याण येईपर्यंत मचव्यावरचा पाण्याचा माठ त्याने एकट्याने संपवला.

*

हिरूबायचा मुलगा गलबतावर. आठ आठ महिने दर्यावर असायचा. त्याच्यासाठी तिने सोमवार धरलेला. त्या दिवशी म्हावरं तोंडात घालायची नाही, आणि म्हणून चूलही पेटवायची नाही.

धर्मा म्हणाला, "तू नको खाऊ. आम्हाला रांधून दे की."

"जे मी खात नाय, ते तुम्हाला कसं वाढू?"

"अगं, उपास तुझा, पुण्य तुझं, आणि उपाशी आम्ही!"

"मग अर्धं पुण्य घेऊन जा. भाकरीसंगती खा!"

*

एकदा मिठाच्या कचेरीतले एक कारकून आमच्या मचव्यात बसून कल्याणला घरी निघाले. जातीने ब्राह्मण. पण निघायला उशीर झाला, ओहोटी लागली आणि मचवा बंदरावरच चिखलात बसला. दुपार कलली. बिचाऱ्यांचं तोंड सुकलं. हिरूबायच्या हातचं ते खाणार नाहीत, आणि ती तरी कसं विचारणार?

तिने विचारलं नाहीच. चिंचेच्या पलीकडे तीन दगड मांडले, शेजारी कोरं मडकं, कोरडे तांदूळ आणि लाकडं ठेवली, आणि लांब जाऊन उभी राहिली. पाणी त्यांनी स्वतःच्या तांब्याने विहिरीतून काढलं. पण त्या माणसाने जन्मात चूल फुंकली नव्हती. आम्ही दहा-बारा खलाशी लांबून ओरडतोय, "रावसाहेब, जाळ कमी करा!" "रावसाहेब, पाणी घाला!"

भात खालून करपला, वरून कच्चा राहिला. रावसाहेब ते मडकं पुढ्यात घेऊन बसले, आणि हात काही उचलेना.

हिरूबाय लांबूनच म्हणाली, "रावसाहेब, आमच्यात रांधणाऱ्याने आधी खायची रीत हाय. तेव्हा घास तुम्हीच घ्या. तुमच्या हातचं मी काय खायची नाय!"

रावसाहेब हसले आणि जेवले. पुढे कधी त्या बाजूला आले की लांबूनच तिला हात जोडायचे.

*

मग गाठीच्या तापाचं, प्लेगचं साल आलं. त्याचं फार सांगवत नाही. हिरूबायची सून दोन दिवसांत गेली. सरकारची माणसं आली. कौलं उतरवली, अंथरुणं जाळली, भिंतींना चुना फासला आणि हिरूबायला गावाबाहेरच्या झोपड्यांत नेलं. ती जगली. महिन्याने परत आली. कौलं पुन्हा घातली आणि चूल पेटवली.

कोणी आलं नाही.

ती रोज रांधायची. रोज दारात बसून, साऱ्या बंदराला दिसेल असा पहिला घास खायची आणि म्हणायची, "मी खाल्लं. आता तुम्ही खा." समोर रिकामा ओटा. संध्याकाळी उरलेलं कालवण खाडीत सोडून द्यायची.

आम्ही घरून भाकरी बांधून आणायचो आणि मचव्यातच पाठ करून खायचो. होय, मीसुद्धा. बायकोने शपथ घातलेली, हे खरं. पण भीती माझीच होती.

शेवटी तिने झोपडीच्या भिंतीआडून मला हाक मारून सांगितलं, "नथूदादा, माघी पुनवेपर्यंत बघते. कोणी नाय आलं तर चूल मोडून टिटवाळ्याला भावाकडं जाते. एकटीने किती दिवस पहिला घास खायचा?"

मी मान खाली घातली. घरी आल्यावर धर्माला सांगितलं.

*

तो धुक्याचा दिवस माघी पुनवेचा.

मचवा बंदराला लागला. धर्माने आपली भाकरीची पुरचुंडी तशीच फळीवर ठेवली आणि उतरून चालू लागला. मी हाक मारली, वळला नाही. मग मी पण उतरलो. माझ्यामागे आणखी दोघं.

धर्मा ओट्यावर मांडी घालून बसला. हिरूबाय बघतच राहिली. मग पदराने ताटं पुसून पुढ्यात मांडली. आम्हाला वाढून ती रितीप्रमाणे आपला तळहात पुढे करून पळी उचलणार, तेवढ्यात धर्माने भाकर मोडली, कालवणात बुडवली आणि तोंडात घातली.

तिच्या आधी!

हिरूबायची पळी हातातच राहिली. "धर्मादादा, मी अजून खाल्लं नाय."

"मग खा की. तुला कोणी धरलंय?"

मी घास घेतला. कालवणात मीठ पडलंच नव्हतं. कणभरसुद्धा नाही. मी धर्माकडे बघितलं, आता बोलेल, मग बोलेल. तो खाली मान घालून जेवत होता. पुन्हा वाढून घेतलं. ताट पुसलं, पाणी प्यायला आणि उठला.

परत येताना धुकं निवळत होतं. बंदरावरचे दोन हमाल चिंचेकडे निघाले होते. मचव्यापाशी आल्यावर मी न राहवून विचारलं, "धर्मा, कसं काय होतं रे कालवण?"

त्याने खुंटीची दोरी सोडली, मचवा ढकलला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

"आज मीठ बरोबर व्हतं."