केळवणाच्या दुपारचा सिनेमा

डीव्हीडी गिरीशनंच आणली होती, हे आधी सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे कित्येक दिवस तो ती 'दुकानदारानं गळ्यात मारली' असं सांगत फिरत होता.

२००७ सालच्या मार्चमधला रविवार. स्टॅनमोरला सुचेतामावशीकडे तिच्या भाच्याचं, यतीनचं केळवण. होणारी नवरी पूर्वी आणि तिचे वडील डॉक्टर पद्माकर बर्मिंगहॅमहून आले होते. जेवणं आटोपली, मसाल्याची सुपारी फिरली आणि आता बोलायचं काय, हा प्रश्न खोलीत ठाण मांडून बसला. तेव्हा यतीनच्या क्रॉयडनच्या ऑफिसातल्या या मित्रानं, गिरीशनं, पिशवीतून डीव्हीडी काढली. ऑफिसजवळच्या दुकानात कव्हरवर त्याला 'कॉमेडी' आणि 'वेडिंग' एवढेच दोन शब्द दिसले होते. बार्शीत वाढलेल्या गिरीशच्या लेखी लग्नाचा सिनेमा म्हणजे मेंदी, रुसलेली आत्या आणि शेवटी सगळ्यांची रडारड. लाल गोलातला अठराचा आकडाही त्यानं पाहिला होता. पण केळवणाला येणारे सगळेच अठराच्या पुढचे, मग हरकत कसली?

पडद्यावर चार मित्र लग्नाआधीच्या सहलीला निघाले. सातव्या मिनिटाला तिघांनी मिळून नवरदेवाचे कपडे काढले ते थेट शेवटच्या कपड्यापर्यंत. सुचेतामावशीच्या हातातला सुपारीचा डबा हवेतच राहिला. गिरीश रिमोट शोधू लागला. रिमोट डॉक्टरांच्या मांडीखाली होता आणि मित्राच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या मांडीखाली हात घालण्याइतकी त्याची छाती नव्हती.

यतीनचा चेहरा पांढरा पडला होता, पण कारण वेगळं होतं. पुढच्याच शुक्रवारी त्याच्याही अशाच सहलीला आठ जण समुद्रकाठच्या ब्लॅकपूलला निघणार होते. बुकिंग गिरीशनंच केलेलं. पूर्वीनं दोघांना बजावलं होतं की बाबांना यातलं अक्षर कळता कामा नये; असल्या सहलीचं नाव काढलं तरी बाबा उठून जातात आणि लग्न मोडायलाही कमी करणार नाहीत. का, ते तिलाही माहीत नव्हतं.

डॉक्टर मात्र उठले नाहीत. मिरजेला शिकून ते शहात्तर साली इथे आले आणि तीस वर्षं एकाच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत राहिले. मागून आलेले साहेब झाले, हे शनिवारच्या रात्रपाळ्याच करत राहिले. माणूस मितभाषी. रुमालाला स्वतः इस्त्री करणारा, मोटरवेवर डावी लेन न सोडणारा. अशा माणसाच्या शेजारी बसून असला सिनेमा पाहण्यापेक्षा जमीन दुभंगली तर बरं, असं गिरीशला वाटत होतं.

पडद्यावर मित्रांनी नवरदेवाला खांबाला बांधलं आणि हसत हसत निघून गेले. डॉक्टरांनी मांडीखालचा रिमोट काढला आणि सिनेमा तिथेच थांबवला.

"हा आता माझ्याकडे येणार," ते म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. मग ते सांगू लागले, औषधाचे डोस सांगावेत तशा आवाजात. सत्त्याऐंशीचा फेब्रुवारी. एका पोराला त्याच्या मित्रांनी असंच पबबाहेरच्या रेलिंगला टेपनं गुंडाळलं आणि एकेक ग्लास घेऊन येतो म्हणून पुढच्या पबमध्ये गेले. तिथे तीन तास गेले. पोराला आणलं तेव्हा अंगात ऊब अशी नव्हतीच. डॉक्टर आणि दोन नर्स पहाटेपर्यंत झटत होते. बाहेर मित्र बसलेले, चौघेही गंमत म्हणून नर्सचा वेश घालून आलेले.

"त्यांना बातमी मी सांगितली. एकाच्या डोक्यावर ती कागदी टोपी तशीच होती. सकाळी नवरी आली. तिनं मला एकच विचारलं, शुद्धीत राहायची ड्यूटी कुणाची होती? कुणाचीच नव्हती."

पूर्वी बापाकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती.

"बाबा, हा गोष्ट तू मला कधीच सांगितला नाहीस," ती म्हणाली. व्याकरण सुधारायचं भान त्या दिवशी कुणालाच नव्हतं.

डॉक्टर यतीनकडे वळले. "तुमची ट्रिप कधी आहे?"

नाही म्हणावं तर खोटं आणि हो म्हणावं तर लग्न धोक्यात. शेवटी यतीन म्हणाला, "शुक्रवारी. ब्लॅकपूल."

"ड्यूटीवर कोण?"

सगळ्यांच्या माना गिरीशकडे वळल्या.

"मी, काका," तो म्हणाला. आपण काय बोललो हे त्याला नंतर कळलं. "मी थेंबसुद्धा घेणार नाही."

"मग जा. परत आलास की काय काय झालं ते मला स्वतः येऊन सांग. लग्नातल्या भाषणात मित्र सांगतात तसलं नको, खरं खरं." एवढं बोलून त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला आणि मावशीकडे ताक मागितलं.

ब्लॅकपूलला शनिवारी दुपारी बारापर्यंत गिरीश लेमोनेडवर होता. एक वाजता त्यानं एक ग्लास घेतला, चवीपुरता. तीन वाजता तो समुद्राकाठच्या बाकावर आडवा होता आणि शेजारी नवरदेव बसला होता, स्वतःचा कोट त्याच्या अंगावर टाकून, दर पाच मिनिटांनी त्याचा श्वास बघत. दोन तास यतीन त्या वाऱ्यात हलला नाही. कॅज्युअल्टीतली गोष्ट त्यानं अशी मनावर घेतली होती.

मे महिन्यात लग्न थाटात लागलं. पंगतीत डॉक्टरांनी गिरीशला बाजूला घेऊन विचारलं, "ड्यूटी कशी झाली?" तोंडात जिलबी होती, त्यामुळे त्याला जरा वेळ मिळाला. बर्मिंगहॅमला येऊन निवांत सांगतो, असं त्यानं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, शनिवारी ये, आता मला शनिवार मोकळेच असतात.

तेव्हापासून पूर्वी दर महिन्याला निरोप देते की बाबा विचारत होते. गिरीशचा त्या शनिवारी नेमका ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज असतो. क्रॉयडनच्या त्या ऑफिसात इतके रिलीज कधीच झाले नव्हते.